ओदोनच्या नावाची तालीम

एतेल्काचं सगळं आयुष्य तापमान बघण्यात गेलं. मिश्कोल्ट्सच्या पोलाद कारखान्यात ती अगदी कोवळ्या वयात लागली. भट्टीच्या काचेपलीकडे एक खोली होती, तिथे तिची खुर्ची. काटा वर गेला की फोन उचलायचा, खाली आला की उचलायचा, जागच्या जागी राहिला की विणकाम करायचं. मग कारखानाच थंड झाला. नवरा फेरी ऑस्ट्रियात कुठल्याशा हॉटेलात भांडी घासायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. एतेल्का बाजारात आंबवलेल्या कोबीच्या बरण्या घेऊन उभी राहू लागली.

तिथे एका सकाळी लोरिंत्स आला. कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा तोच. बरणी हातात घेऊन त्यानं विचारलं, "कोबी आंबट आहे का?"

"माझ्या तोंडाकडे बघा आणि काय ते ठरवा," एतेल्का म्हणाली.

लोरिंत्सनं बरणी खाली ठेवली. "एतेल्का, माझ्याकडे काम आहे. तापमानाचंच. भट्टी तेवढी लहान."

ती भट्टी म्हणजे कॉम्प्युटर. त्याच्या पोटात बारीक बारीक सेन्सर असतात. कुठला भाग किती तापला, पंखा किती जोरात फिरतोय, वीज पुरेशी येते का, हे त्यांना कळतं. लोरिंत्सनं ते विचारून पडद्यावर मांडणारा एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव 'पहारेकरी'. जगभरचे लोक तो वापरत आणि जगभरचे लोक घाबरत. त्या घाबरलेल्यांना उत्तरं लिहिणं हे एतेल्काचं काम झालं.

"माझं मशीन चारशे अंश दाखवतंय, घर पेटेल का?" असं कुणी विचारी. एतेल्का शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीत लिही, "चारशे खरं असतं तर हे लिहायला आपण टेबलापाशी उरला नसता. तो सेन्सर कशालाच जोडलेला नाही. पंख्यातली धूळ मात्र काढा." लोक तिला परत लिहीत, "आभारी आहे, महाशय." महाशय ही पदवी तिनं कधी नाकारली नाही. तिचा स्वभावच तसा. कुणी शिव्या घातल्या तरी ती म्हणायची, बिचाऱ्याचं मशीन गेलंय, आपलं काय गेलं? खिडकीत एक कॉफीचा कप, शेजारी डब्यात घरच्या खारट पोगाचा, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, आणि समोर आजाऱ्यांची रांग. मोठ्या इस्पितळातल्या परिचारिकेच्या थाटात ती खुर्चीत बसे.

आता या धंद्यातला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

रंगमंचावर दोन नटांनी एकाच वेळी वाक्य टाकलं तर प्रेक्षकाला एकही कळत नाही. सेन्सरच्या चिपचंही तसंच. दोन प्रोग्रामांनी एकाच क्षणी प्रश्न विचारला तर उत्तरं एकमेकांत मिसळतात, आणि कधी कधी प्रश्नाचाच भलता हुकूम होऊन बसतो. मग मदरबोर्ड मरतो तो कायमचा. सुरुवातीच्या काळात असे बरेच मेले. तेव्हा लोरिंत्सचा एक प्रतिस्पर्धी होता, सोल्नोकचा सेन्तेशी ओदोन. त्याच्या प्रोग्रामचं नाव 'घुबड'. दोघांचे चाहते एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे, पण हे दोघे मात्र सोल्नोक स्टेशनच्या उपाहारगृहात भेटले, सोडा घातलेली वाइन प्यायले आणि ठरवून उठले: पाळी पाळायची. एक विचारत असेल तेव्हा दुसऱ्यानं थांबायचं, आणि विचारून झालं की पाळी लगेच सोडायची. कागद नाही, सही नाही. पुढे परदेशातले प्रोग्रामसुद्धा ती पाळी पाळू लागले.

लोरिंत्स वारला. धंदा त्याच्या मुलाकडे, बार्नाबाशकडे आला. मुलगा वाईट नव्हता, पण घाईत जन्मलेला. त्याच्या वेळी एक संकट उद्भवलं.

कॉम्प्युटर झोपून जागा झाला की 'घुबड' पाळी घेई आणि सोडायचंच विसरे. 'पहारेकरी' बिचारा थांबून राही. पडद्यावर जुनाच आकडा दिसत राही, गुण्यागोविंदानं, एकेचाळीस अंश. ब्रनोच्या एका विद्यार्थिनीच्या मशीनमधला, ते थंड ठेवणारा पाण्याचा पंप बंद पडला. आत पाणी उकळलं, नळी सुटली, सगळं भिजून गेलं, आणि पडद्यावर शेवटपर्यंत एकेचाळीस. तिनं एतेल्काला लिहिलं, "मी तुमच्यावर विश्वास ठेवून झोपले होते."

बार्नाबाश म्हणाला, "थांबणंच बंद करू. पाळी गेली खड्ड्यात."

"म्हणजे बोर्ड मरायला लागतील."

"मग लोकांना सांगू, घुबड काढून टाका."

"आधी ओदोन बाचीला विचारू दे," एतेल्का म्हणाली. बाची म्हणजे वयानं मोठा, काकासारखा. "तुझ्या वडिलांनी विचारलं असतं."

"ईस्टरपर्यंत," बार्नाबाश म्हणाला. "त्यानंतर मी कुणाचाही मुलगा नाही."

'घुबडा'च्या फोरमवर ओदोन रोज उत्तरं देत होता. सभ्य, लगोलग. पण एतेल्का याच धंद्यातली. तिला वाचता वाचता खटकलं. नव्या तक्रारीला दिलेलं उत्तर फ्लॉपी ड्राइव्हच्या काळातलं होतं. फोन केला की त्याची बायको आरांका उचले आणि म्हणे, "तो अंघोळीला गेलाय." सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ. एवढी अंघोळ तर टिसा नदीसुद्धा करत नसेल. शेवटी एतेल्कानं पोगाचांचा डबा घेतला आणि सोल्नोकची गाडी पकडली.

स्टेशनलगतच्या सिमेंटच्या इमारतीत चौथा मजला. लिफ्ट बंद. दार उघडणारी आरांका सत्तरीची, हातभर पीठ, कार्निव्हलचे दिवस म्हणून फांक, गोड फुगीर वडे, तळत होती. एतेल्कानं नाव सांगताच तिचा चेहरा उतरला, पण दारात आलेल्या बाईला परत पाठवायची तिची जात नव्हती.

आतल्या खोलीत ओदोन बसला होता. दाढी गुळगुळीत, टाय बांधलेला, समोर पडदा उजळलेला. एतेल्काला पाहून त्याचे डोळे चमकले. त्यानं डावा हात पुढे केला आणि भारदस्त आवाजात विचारलं, "व्हर्जन कोणतं?"

एतेल्काला बरं वाटलं. कामाचा माणूस! तिनं व्हर्जन सांगितलं. पाळी कशी अडकते ते सांगितलं, ब्रनोच्या मुलीचं सांगितलं. ओदोन मन लावून ऐकत होता, मान हलवत होता. ती थांबली तेव्हा त्यानं हळहळून, अगदी गदगदून म्हटलं, "व्हर्जन कोणतं?"

एतेल्कानं आरांकाकडे पाहिलं. आरांका खिडकीकडे बघत होती.

"मेंदूत रक्ताची गाठ अडकली," आरांका म्हणाली. "दोन वर्षं होतील. उजवा हात गेला. ऐकतो सगळं, कळतं सगळं. बोलतो एवढं एकच. इस्पितळात डॉक्टरनं नाव विचारलं तर हेच. डॉक्टर म्हणाला, मी जुनंच व्हर्जन आहे बाची, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. मी हसले बघ. नवरा आडवा पडलेला, आणि मी हसले."

"व्हर्जन कोणतं!" ओदोन रागावून म्हणाला.

"बरं बाबा, नाही सांगत." आरांका एतेल्काकडे वळली. "मीठ कमी असलं की हेच, पाठ खाजवायची असली की हेच. मी आता सुरावरून ओळखते."

जन्मभर टाइप केलेला पहिला प्रश्न तेवढा त्याच्या जिभेवर उरला होता. एका ओळीत तो माणूस सगळ्या भूमिका करत होता: नवऱ्याची, रुग्णाची, यजमानाची.

"आणि फोरमवर?"

"मी." आरांकानं पीठ पुसलं. "त्याची जुनी उत्तरं बघून लिहिते. मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसले, मला काय कळतंय! पण सकाळी त्याला सांगते, ऊठ, लोकांनी लिहिलंय. मग उठतो. दाढी करून घेतो. मी एकेक वाचते, तो मान हलवतो, हसतो, चिडतो. ज्या दिवशी नेट बंद असतं त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडतो, पाणीसुद्धा घेत नाही." तिनं दोन पेले भरले, जर्दाळूची कडक दारू, पालिंका. "आणि मला तुम्ही नको म्हणूस. तू म्हण. दोघी एकाच धंद्यातल्या ना आपण."

एतेल्कानं पेला रिकामा केला. ती आली होती एक दुरुस्ती मागायला. आता मागायचं तरी कुणाकडे? लोकांना 'घुबड' काढायला सांगावं, तर उद्यापासून या घरी कोण लिहिणार?

आरांकानं 'घुबडा'च्या प्रोग्रामचा मूळ मजकूर उघडून दिला. ओदोननं पडद्यावर नजर लावली, बोट उचललं, ठामपणे टेकवलं. एतेल्का पुढे झुकली. बोट पहिल्या ओळीवर होतं. तिथे त्याचं नाव होतं. तिनं खालची पानं दाखवली, तो परत वर गेला आणि नावावर बोट ठेवून बसला.

ती मिश्कोल्ट्सला परतली ती मूळ प्रोग्रामची प्रत घेऊन. बार्नाबाशनं कुरकुरत का होईना, दुरुस्ती करून दिली. चूक लहान होती. अडलं ते शिक्क्यावर. असा प्रोग्राम मशीनच्या पोटात हात घालतो, म्हणून कर्त्याची ओळख पटवून त्याच्या नावाचा शिक्का घ्यावा लागतो. शिक्क्याविना मशीन त्याला उभंच करत नाही. ओदोनच्या शिक्क्याची मुदत संपली होती.

"आपला मारू," एतेल्का म्हणाली.

"दुसऱ्याच्या प्रोग्रामवर आपलं नाव? वकील मला सोलून काढेल. आणि तो विकत घ्यायचा म्हटलं तरी त्यालाच हो म्हणावं लागेल ना? काय म्हणेल तो? व्हर्जन कोणतं?" बोलून बार्नाबाश स्वतःच ओशाळला. "माफ कर, एतेल्का नेनी," तो म्हणाला; नेनी म्हणजे काकू. "पण शिक्क्यासाठी अर्ज भरता येईल. पडद्यावरून मुलाखत घेतात. बाबांच्या वेळी तू होतीस की."

होती. लोरिंत्सच्या वेळी अधिकाऱ्यानं ओळखपत्र बघितलं होतं, नाव विचारलं होतं आणि शुभेच्छा दिल्या होत्या. एतेल्काला पक्कं आठवत होतं. म्हणजे काम एवढंच होतं: ओदोनला स्वतःचं नाव म्हणता यायला हवं.

मग तालमी सुरू झाल्या. शनिवारी एतेल्का सोल्नोकला जाई, एरवी आरांका एकटी. नाव म्हण म्हटलं की ओदोनच्या कपाळावर घाम येई आणि बाहेर पडे ते ठरलेलं वाक्यच. इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं की बोलणं जातं तरी कधी कधी गाणं राहतं. पण ओदोन आयुष्यात कधी गायला नव्हता. लग्नातसुद्धा नाही, आरांका म्हणाली, बँडवाल्याला पैसे देऊन गप्प बसवणारा माणूस!

सूर सापडला तो खिडकीतून. स्टेशनवर गाडीची सूचना देण्याआधी एक छोटीशी धून वाजते. या घरात ती जन्मभर ऐकलेली. एका शनिवारी ती वाजली आणि ओदोन तोंड मिटून तिच्यासोबत गुणगुणला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आरांकानं त्याचा डावा हात धरून टेबलावर ठेका दिला आणि त्या धुनेवर त्याचं नाव बसवलं. सेन्-ते-शी ओ-दोन.

पहिल्यांदा नुसता सूर आला. मग सुरात एक अक्षर. ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लेंट, सरत आला तेव्हा एका दुपारी पूर्ण नाव आलं, थोडं तुटकं, पण त्याचं. ओदोन स्वतः दचकला. त्यानं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर काठी ठोकली तेव्हा आरांका जमिनीवर पाय आपटून ओरडली, "ठोक, ठोक! ऐकू दे सगळ्या बिऱ्हाडांना!"

मुलाखत ईस्टरच्या आधीच्या बुधवारी ठरली. ओदोनला ठेवणीतला कोट घातला. नियम असा की खोलीत दुसरं कुणी असता कामा नये, म्हणून दोघी दाराआड उभ्या राहिल्या. विंगेत उभं राहणाऱ्याची अवस्था मंचावरच्यापेक्षा वाईट असते. पडद्यावर बुडापेश्टचा एक तरुण अधिकारी आला. चष्मा, मऊ आवाज.

"शुभ दिवस. आपलं पूर्ण नाव सांगाल का?"

टेबलावर बोटांचा ठेका ऐकू आला. आणि मग ओदोन गायला. एकही अक्षर न सांडता, मोकळ्या आवाजात, गाडी फलाटाला लागत असावी तसा. दाराआड आरांकानं एतेल्काचा दंड असा आवळला की तो पुढे कित्येक दिवस काळानिळा राहिला.

अधिकारी क्षणभर गोंधळला आणि मग हसला. "वा! आभारी आहे. आणि आपली जन्मतारीख?"

नियम बदलले होते. लोरिंत्सच्या मुलाखतीनंतर काही बदललं असेल, एखादा फोन करून विचारावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. लोकांना ती रोज विचारायची की तुम्ही जुन्या व्हर्जनवर तर विसंबून नाही ना, आणि स्वतः तेच करून बसली होती.

ओदोननं ठेका धरला. पुन्हा नाव गायलं.

"नाव मिळालं, साहेब. जन्मतारीख?"

ठेका थांबला. "व्हर्जन कोणतं?" ओदोन म्हणाला. मग हलक्या, विनवणीच्या सुरात पुन्हा तेच.

आरांका दार ढकलून आत गेली. "अरे, तो तोच आहे! हातातलं कार्ड बघ, तोंड बघ! तारीख मी सांगते ना!"

"आपण समोर आलात, नेनी, आता मला थांबवावं लागेल," तो पोरगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला कळतंय हो. पण एवढं तरी त्यांनी स्वतः सांगायला हवं. नाहीतर कोर्टातून पालकत्व घ्या. ते स्वतःचे व्यवहार करू शकत नाहीत असं कोर्टानं लिहून दिलं की आपल्या सहीनं..."

"तो कुणीच नाही असं कोर्टाकडून लिहून आणू?" आरांका म्हणाली. "आणि मग शिक्का कुणाच्या नावाचा देणार तू?"

पडदा काळा झाला. ओदोन कोटाच्या बटणाशी चाळा करत बसला होता.

स्वयंपाकघरात एतेल्का म्हणाली, "चूक माझी. मी तारीखही बसवून घ्यायला हवी होती."

"जमली नसती," आरांका म्हणाली. "नाव यायला अख्खा लेंट गेला."

"ईस्टरनंतर मला लिहावं लागेल गं."

"त्या मुलीचं मशीन भिजलं ना? मी वाचून दाखवलं होतं त्याला. रडला होता." आरांका बराच वेळ सिंक पुसत राहिली. "लिही. पण आधी त्याला सांग. माझ्या मागे नको."

एतेल्कानं त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि सांगितलं. सगळं, सरळ शब्दांत, 'घुबड' काढून टाका असं मी जगाला सांगणार आहे म्हणून. ओदोननं ऐकून घेतलं. डाव्या हातानं टायची गाठ सैल करू लागला. ती सुटेना, तेव्हा आरांकानं सोडवली.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सूचना लागली. एतेल्कानं ती स्वतः लिहिली: 'घुबड' आता सुरक्षित नाही, त्याचे कर्ते आजारी आहेत, पाळीचा रिवाज त्यांनी घालून दिला आणि आम्ही तो पाळत राहू. बार्नाबाशनं शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. तिनं काढलं नाही आणि त्यानंही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

सुरुवातीला सोल्नोकला पत्रांचा पूर आला. कुणी आभार मानले, कुणी शिव्या दिल्या, कुणी लिहिलं की माझ्या पहिल्या मशीनवर घुबड होतं. आरांका सकाळ-संध्याकाळ वाचत होती आणि ओदोन टाय बांधून ऐकत होता. मग पूर ओसरला. मग थेंब. मेच्या अखेरीस एतेल्कानं फोन केला तेव्हा आरांका म्हणाली, "या आठवड्यात एक. जाहिरात होती, चष्म्याची."

"आमच्याकडची पाठवू का? रोज ढिगानं येतात. तू नुसती वाचून दाखव."

"वाचून बघितलं असतं. पण त्यातलं 'पहारेकरी' मी कसं लपवू? ऐकतो ना तो."

जूनमध्ये एतेल्का पुन्हा गेली. चौथा मजला चढून, डबा घेऊन. ओदोन भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी पांढरी, वाढलेली. तिनं हाक मारली तेव्हा खांदा किंचित हलला. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर चादर घातलेली होती. घरात आता बोलणंच नव्हतं. ती एक ओळसुद्धा नाही.

आरांकानं कॉफी दिली.

"तू बरोबर केलंस," आरांका म्हणाली. "मी त्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मला तुझा राग नाही."

"मग पुढच्या शनिवारी..."

"नको. तुझा आवाज ऐकला की त्याला वाटतं काहीतरी आलंय. उठायला बघतो. मग काही नसतं." ती उठली. पोगाचा तिनं ताटलीत काढून घेतल्या. डबा धुतला, कोरडा पुसला, झाकण लावून एतेल्काच्या हातात दिला आणि दारापर्यंत पोचवायला आली.